बाबांच्या जागी ‘हे’

हे बघ, मोबाइल उलटा ठेव, मध्ये तोंड घालू नकोस, आणि फक्त ऐक. शेवटी मी तुला एक प्रश्न विचारणार आहे. तेव्हा ‘मला काय माहीत’ म्हणून खांदे उडवायचे नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते.

मुंगीला तू पाहिलंयस. शेवटच्या वर्षाची, बुटकी, दोन खांद्यांना दोन पिशव्या. कायम कुठून तरी कुठं तरी काही तरी वाहून नेत असते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी डोकं लावून दोन शब्द बोलते की पुढं पळते. म्हणून मुंगी. तर या मुंगीला तीन वर्षं एकच ध्यास होता: कॉलेजच्या अंकात आपलं नाव छापून यावं. पहिल्या वर्षी कविता दिली, परत आली. दुसऱ्या वर्षी कथा दिली, परत आली. मग आणखी एक दिली. ती इतक्या पटकन परत आली की मुंगी म्हणाली, ही बहुतेक अर्ध्या जिन्यातूनच वळली असणार.

परत पाठवणारा म्हणजे अंकाचा संपादक. तोही विद्यार्थीच, पण सगळे त्याला खोडरबर म्हणतात. जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत बसतो. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून आत गेलेला प्रत्येक माणूस त्याच्यासमोर वाकलेलाच असतो. दुसऱ्याचं वाक्य दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते. एकदा त्यानं नोटीस बोर्डवरच्या ‘पंखा बंद आहे’ मधलं ‘आहे’ खोडलं होतं.

अंकात एक विभाग असतो, ‘घडलेलं’ नावाचा. त्यात गोष्ट चालत नाही, कविता चालत नाही. आपल्या आयुष्यात खरोखर घडलेलं लिहायचं, पण असं रंगवून की वाचणाऱ्याला गोष्टीची गोडी लागली पाहिजे. मागच्या वर्षी एका मुलानं त्यात आजोबांच्या शेवटच्या दिवसावर लिहिलं होतं. आठवतंय? सगळं कॉलेज रडलं. शिपाईमामासुद्धा रडले. आणि वार्षिक समारंभाला ते आजोबा पहिल्या रांगेत! टाळ्या वाजवत होते, आणि नातू दिसत नाही म्हणून शेजारच्यांना विचारत होते. तेव्हापासून खोडरबरनं एक कागद काढला. लेखात ज्यांचा उल्लेख असेल, त्या प्रत्येकानं खाली सही करायची: ‘हे घडलं.’ सगळ्यात शेवटी लेखकाची सही.

मुंगीनं लिहिलं ते तिच्या बाबांवर. तिचे बाबा पोहण्याच्या तलावावर काम करतात. पाणी तपासायचं, जाळीनं पानं-केस काढायचे, पंप बघायचा, कुणी दंगा केला की शिट्टी मारायची. वर्षातून एकदा तलाव पूर्ण रिकामा करतात, फुटलेल्या फरशा बदलतात, सांधे भरतात. त्या आठवड्यात बाबा रोज पांढऱ्या पावलांनी घरी येतात, आणि जिथं जिथं चालतात तिथं तिथं घरभर ती पावलं उमटतात. या वर्षी ती पावलं बघता बघता मुंगीला एकदम आठवलं. आणि तिनं एका बैठकीत लिहून काढलं.

तिनं काय लिहिलं, ते मी वाचलंय. ती सात वर्षांची असते. बाबा म्हणतात, चल, तुला पाण्याशिवायचं पाणी दाखवतो. आणि ते दोघं रिकाम्या तलावात उतरतात. उथळ बाजूनं चालत चालत खोल बाजूकडं, उतारावरनं, निळ्या फरशांवरनं. भिंतीवर आकडे लिहिलेले असतात, चार फूट, सहा फूट, नऊ फूट, आणि ती एकेका आकड्याखालून जाते तशी जग वर वर जात राहतं. बारा फुटांपाशी ते दोघं तळाला बसतात. छताच्या काचांतनं ऊन आलेलं असतं आणि ते फरशांवर हलत असतं, जसं काही पाणी निघून गेलंय पण त्याची सवय मागं राहिलीय. बोललं की शब्द भिंतींना लागून सावकाश परत येतात. बाबा काही बोलत नाहीत. ती पण नाही. आणि त्यात एक ओळ होती: ‘तळाला खळीचा वास येत होता, आत्ताच कुणी तरी सगळा तलाव इस्त्री करून घडी घालून ठेवल्यासारखा.’ मग बाबा तिला खांद्यावर घेतात आणि ते वर येतात. बस. एवढंच. पण वाचून झालं की पाच मिनिटं आपण कुठं बसलोय ते कळत नाही.

मंगळवारी खोडरबरनं तिला बोलावलं. मुंगी वाकून उभी राहिली. त्यानं कागद तिच्यापुढं धरला. एकाही ठिकाणी पेन्सिल नाही!

"आजारी आहेस का?" मुंगीनं विचारलं.

"खोडायला गेलो," खोडरबर म्हणाला, "पण ती खळीची ओळ आली आणि हात तिथंच थांबला. तलावाला खळीचा वास. हे कुणाला सुचणार नाही. हे घडलेलंच असणार. विभागात पहिला लेख तुझा. फक्त सही आण. गुरुवारी चारला फाईल छापखान्यात जाते. चार म्हणजे चार."

मुंगी आनंदानं उसळली आणि डोकं आपटलं. पण लागलं वगैरे काही नाही तिला त्या दिवशी. पाय जमिनीवर होतेच कुठं?

आता तिच्या घरातली एक गोष्ट तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्याकडं सकाळी साडेपाचला चहा होतो, कारण आईची ड्युटी सातची. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. हजार चादरी रोज: धुवायच्या, खळ द्यायची, गरम रोलरमधनं काढायच्या, घड्या घालायच्या. आणि त्या साडेपाचच्या चहाला ते तिघं आपापली स्वप्नं सांगतात. पण ‘स्वप्न’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘काल स्वप्नात मी’ असं नाही म्हणायचं. सरळ सांगायचं. बाबा म्हणणार, "काल पंपाच्या खोलीत एक घोडा आला होता, तिकीट मागत होता." आई विचारणार, "दिलंत का?" बाबा म्हणणार, "सुट्टे नव्हते." असं. हे आईनं सुरू केलं. तिचं म्हणणं, ‘स्वप्नात’ म्हटलं की समोरचा माणूस ऐकायचं थांबतो. मान हलवतो, पण कान मिटून घेतो.

मुंगीच्या लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की मैत्रिणींकडं राहायला गेली की ती सकाळी उठून ‘काल मी छपरावर राहायला गेले होते’ म्हणून सुरू व्हायची, आणि त्यांच्या आया वर जाऊन छप्पर बघून यायच्या.

बुधवारी संध्याकाळी तिनं लेख बाबांना वाचून दाखवला. बाबा पांढरी पावलं बादलीत बुडवून बसले होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले.

"असं मी म्हणालो होतो? पाण्याशिवायचं पाणी?"

"हो मग!"

"छान म्हणालो की," बाबा म्हणाले आणि ओल्या हातानंच सही करून टाकली. ‘हे घडलं.’ शाई थोडी फुटली.

तेवढ्यात आई आली. चपला काढल्या, पिशवी ठेवली, दोघांच्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, मी छापून येतेय!" मुंगीनं कागद तिच्या हातात कोंबला. आईनं उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. मुंगी तिच्या चेहऱ्याकडं टक लावून. पहिलं पान झालं. दुसरं पान झालं. आईनं परत पहिलं पान वर घेतलं, जणू काही तरी शोधायचं राहिलंय.

"यात मी कुठं गेले?" आईनं विचारलं.

"अगं, तू नव्हतीस ना तिथं."

"मीच होते. तू नव्हतीस."

मुंगी हसली. आई नाही हसली. ती खुर्चीवर बसली, कागद मांडीवर सरळ केला, चादरीला करतात तसा तळव्यानं. "तू सात वर्षांची होतीस. तापानं फणफणली होतीस. माझ्या मांडीवर डोकं होतं तुझं. आणि मी चहाला यांना सांगत होते, की काल तुम्ही मला तलावावर नेलंत. म्हणालात, चल, तुला पाण्याशिवायचं पाणी दाखवतो. आपण खाली जाऊन बसलो. काही बोललो नाही. खळीचा वास येत होता."

मुंगीनं बाबांकडं बघितलं. बाबा बादलीत बघत होते.

"बाबा? तुम्ही सही केलीत!"

"मला वाटलं घडलं असेल," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं तलाव रिकामा करतोय. नेलं असेन तुला एखाद्या वर्षी, म्हटलं. पोरगी एवढं छातीठोक सांगतेय."

"आणि खळीचा वास? तलावाला खळीचा वास येतो का कधी? तो क्लोरीननं जळजळतो!" हे आई म्हणाली.

"ते मलाही खटकलं होतं. पण म्हटलं लिहिण्यात चालत असेल तसं."

अगं बाई, मला सांगताना मुंगी इथं थांबली होती. म्हणाली, तुला कसं सांगू, मला ते सगळं अजून दिसतंय. ऊन दिसतंय, बारा फूट लिहिलेलं दिसतंय, बाबांचा हात हातात जाणवतोय. आणि ते माझं नाहीच. मी आईच्या मांडीवरनं तिच्या स्वप्नात शिरले, तिला बाहेर काढलं, आणि तिच्या जागेवर बसले. चौदा वर्षं बसून आहे.

आई रागावली नव्हती, हं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद टेबलावर ठेवला, वर ताट पालथं ठेवलं पंख्यानं उडू नये म्हणून, आणि भाजी चिरायला बसली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, "मला खरंच कधी नेलं नाहीत तुम्ही." बस. एवढंच.

"तुझी ड्युटी असते," बाबा म्हणाले.

"हो. असतेच."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, साडेपाचच्या चहाला कुणीच काही सांगितलं नाही. घोडे नाहीत, छपरं नाहीत, काही नाही. तिघं आपापल्या कपात बघत होते. शेवटी मुंगीनं धीर केला.

"आई, मी आज सगळं खरं लिहून देऊ का? की हे तुझं... म्हणजे तुला जे पडलं होतं ते मी माझं समजले? हेसुद्धा घडलेलंच आहे ना? खोडरबरला आवडेल ते."

"त्यात तो शब्द येईल?"

"येईल ना. त्याशिवाय कसं कळणार?"

"मग नको," आई म्हणाली. "इतकी वर्षं तो शब्द न घालता सांगितलं. आणि आता तुझ्या कॉलेजची पोरं ‘अच्छा, स्वप्न होतं होय’ म्हणून पान उलटणार. नको."

तिच्या तोंडून तो शब्द त्या घरात पहिल्यांदा ऐकला, मुंगी म्हणते. भांडं पडल्यासारखा वाटला.

आणि मग बाबांनी कप खाली ठेवला. "तलाव रिकामाच आहे. फरशीवाले नऊला येतात. सोमवारी पाणी सोडणार." आई चहाच घेत राहिली, तर परत म्हणाले, "अगं, मी म्हणतोय, तलाव रिकामा आहे."

"मला ऐकू येतंय," आई म्हणाली. "माझी सातची आहे."

"एक दिवस हजार चादरी स्वतःच्या पायांनी रोलरमध्ये जातील."

"तुम्ही असली वाक्यं कुठनं शिकलात? हिच्या लेखातनं?"

पण ती उठली. लाँड्रीत फोन केला आणि म्हणाली, "आज मला जमणार नाही." पलीकडनं काही विचारलं असावं, कारण ती परत म्हणाली, "नाही, आजारी वगैरे काही नाही. जमणार नाही, एवढंच." आणि फोन ठेवल्यावर आपल्याच हाताकडं बघत राहिली.

साडेसातला तिघं तलावावर. बाबांनी कुलूप काढलं. मुंगी म्हणते, आत पाऊल टाकलं आणि मला रडूच फुटायचं बाकी होतं, कारण ते सगळं चुकीचं होतं. मुंगी खरंच कधी आलीच नव्हती तिथं, तलाव रिकामा असताना. ऊन होतं, पण हलत नव्हतं. फरशा निळ्या होत्या, पण निम्म्या. निम्म्या काढलेल्या, खाली राखाडी सिमेंट. एक कबूतर तळाला फिरत होतं, वरिष्ठ साहेब पाहणीला आल्यासारखं.

बाबा उथळ बाजूनं उतरले, हात वर केला आणि म्हणाले, "चल, तुला पाण्याशिवायचं पाणी दाखवतो." आईनं चांगले कपडे घातले होते, कपाटातले, घडी मोडून. तिनं चपला काठावर काढून शेजारी शेजारी ठेवल्या. मुंगी पण बूट काढायला लागली.

"तू वरच थांब," आई म्हणाली.

आणि मुंगी थांबली. एक बूट पायात, एक हातात.

तिथनं पुढं तिनं जे पाहिलं ते वरनं पाहिलं. दोन माणसं उतारावरनं सावकाश खाली जाताना. चार फूट. सहा फूट. बाबा पुढं, एक हात मागं. आईनं तो धरला नाही, मग नऊ फुटांच्या आसपास घसरली आणि धरला. ती हसली, तो आवाज भिंतींवर आपटला आणि दहा बायका हसल्यासारखा वर आला. बारा फुटांपाशी ते बसले. आणि मग बोलायला लागले! लेखात कुणी बोलत नव्हतं, आईच्या सांगण्यातसुद्धा नव्हतं. इथं दोघं बोलत होते, किती तरी वेळ, पण शब्द वर येईपर्यंत त्यांचा नुसता धूर व्हायचा. मुंगीला एक अक्षर कळलं नाही. ती काठावर पोटावर झोपली, मान खाली सोडली, कान टवकारले. नाही. फक्त एकदा बाबांचा आवाज स्पष्ट आला, कारण ते मोठ्यानं म्हणाले:

"अगं, आता येतोय! खरंच येतोय खळीचा वास!"

"येणारच," आई म्हणाली. "माझ्या कपड्यांना आहे तो."

मग ती पाठीवर आडवी झाली, चांगल्या कपड्यांनी, त्या धुळीत, आणि वर बघत राहिली. बाबांनी आधी इकडं तिकडं बघितलं, मग तेही आडवे झाले. कबूतर लांब जाऊन उभं राहिलं. छताच्या काचेतनं ढग जात होता. मुंगी म्हणते, त्या क्षणी मला कळेना की मी पाहतेय ते आज आहे की मागं कधी तरी आहे की अजून व्हायचं आहे. मी जागी आहे हे मला पायातल्या एका बुटावरनं कळत होतं.

वर आल्यावर आईची पाठ सगळी पांढरी. बाबा झटकायला गेले तर म्हणाली, राहू दे. मुंगीला म्हणाली, "घडलं. आता तुझ्या कागदाचं काय करायचं ते तू बघ."

आणि मुंगीनं बघितलं. तलावाच्या पायरीवर बसून परत वाचायला घेतलं, आणि तिच्या काय लक्षात आलं सांगू? सगळा लेख ‘मी’ मध्ये. ‘मी उतरले.’ ‘मी बसले.’ ‘माझा हात.’ हे मुलगी बोलतेय की आई बोलतेय, शब्दांत काहीच फरक नाही! फरक फक्त एका शब्दात. जिथं जिथं ‘बाबा’ लिहिलंय, तिथं आई काय म्हणाली असती? ‘हे.’ ‘हे म्हणाले, चल, तुला पाण्याशिवायचं पाणी दाखवतो.’ बस! बाबांच्या जागी ‘हे’ केलं की सगळा लेख उठून आईच्या घरी जातो. मुंगीनं पिशवीतली दुसरी, बिनसहीची प्रत घेतली आणि पेन काढलं. चौदा ठिकाणी. सात वर्षांची होते ते काढलं, ऊन हलत होतं तेही काढलं. खांद्यावर घेतलं तिथं हात धरला केलं. काही बोललो नाही, तिथं खूप बोललो केलं, आणि काय बोललो ते लिहिलं नाही, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं. उरलेलं सगळं तसंच्या तसं खरं. आधी लिहिलेलं आणि मग घडलेलं, पण घडलेलं.

मग सगळ्यात वरती तिचं नाव होतं. तीन वर्षं जे छापून यायची वाट बघत होती ते. ते तिनं खोडलं आणि आईचं लिहिलं. दोघांच्या सह्या घेतल्या. आईनं सही करताना ‘हे घडलं’ च्या पुढं तारीखसुद्धा घातली, हॉस्पिटलच्या रजिस्टरात घालतात तशी.

पावणेचारला मुंगी जिन्याखाली हजर. खोडरबरनं कागद बघितला आणि भुवया वर.

"‘हे’ कोण? तुझं लग्न कधी ठरलं?"

"वरचं नाव वाच आधी."

त्यानं वाचलं. मग सगळा लेख वाचला. मग मुंगीनं त्याला सगळं सांगितलं, वाकून, धापा टाकत, पंधरा मिनिटांचं चार मिनिटांत. खोडरबर ऐकत होता. खरंच ऐकत होता, पेन्सिल खाली ठेवून.

"हे पहिल्यापेक्षा चांगलं झालंय," तो म्हणाला. "पण अंक विद्यार्थ्यांचा आहे. तुझी आई कुठल्या वर्गात आहे?"

"तिला एकदा घे ना."

"मी घेईन गं. पण प्राचार्यांच्या टेबलावर नावांची यादी जाते, हजेरीपटाशी जुळवतात. त्या आजोबांनंतर तर डोळ्यांत तेल घालून. एक जरी नाव जुळलं नाही तर अख्खा अंक अडकतो." त्यानं घड्याळ बघितलं. "ऐक. मंगळवारचा कागद तुझ्या पिशवीत आहे ना? काढ. बाबांची सही आहे त्यावर. तुझं नाव, तुझे बाबा, खळीची ओळ. तुला तेव्हा खरंच वाटत होतं ना घडलंय म्हणून? मग खोटं कुठं बोललीस? शेवटचं वर्ष आहे तुझं, मुंगे. यानंतर अंक नाही तुला. तेवढी लेखकाची सही कर, मी फाईल पाठवतो."

"आणि नाही केली तर?"

"तर त्या पानावर होस्टेलच्या मांजरावरचा लेख जातो. तयार आहे. मांजराचा पंजासुद्धा उमटवून आणलाय लेखकानं सही म्हणून."

त्यानं दोन्ही कागद तिच्यापुढं ठेवले. एकावर बाबा, एकावर हे. घड्याळात चारला सहा मिनिटं. मुंगी म्हणते, मी पेन टेकवलं होतं. मंगळवारच्या कागदावर. शाईचा ठिपकासुद्धा पडला. आणि त्या ठिपक्याकडं बघता बघता मला दिसलं की मी परत तिथं जाऊन बसतेय, बाराफुटी, बाबांच्या शेजारी, आणि आई काठावर उभी आहे. चपला हातात घेऊन.

"मांजर छाप," मुंगी म्हणाली.

दोन्ही कागद पिशवीत कोंबले आणि बाहेर आली. डोकं आपटलं. या वेळी लागलं.

आणि आता ऐक, खरी गंमत तर पुढंच आहे. संध्याकाळी घरी गेली, आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आई जवळ घेईल, डोळे पुसेल, काही तरी म्हणेल. आई काय म्हणाली असेल?

"वेडी का खुळी तू?" आई म्हणाली. "तुझं नाव राहू द्यायचं होतंस! मला काय करायचंय नावाचं? मी जाऊन आले की खाली. माझं काम झालं. आता ती जागा मोकळीच होती, बसायचं होतंस तू."

"पण तूच म्हणालीस, यात मी कुठं गेले म्हणून!"

"तेव्हा मी गेले नव्हते."

बाबा म्हणाले, "दोघी थांबा, मला एकदा कळू दे, मी सह्या किती कागदांवर केल्यात?"

मुंगी त्यावर हसली, आणि हसता हसता तिला जे रडू यायला लागलं ते थांबेना. आई तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती आणि वर बडबडतही होती, तीन वर्षं घोकत होतीस अंक अंक म्हणून, आणि हातातलं सोडून आलीस, कुणाला विचारलंस?

अंक काल आला. मी बघितला. मांजराचा लेख पहिला आहे, पंजासकट. सगळं कॉलेज त्या मांजराला बिस्किटं घालतंय. मुंगीनंही वाचला, आणि म्हणाली, चांगला आहे गं, मेला खरंच चांगला आहे. अंकात तिचं नाव कुठंच नाही. आभाराच्या यादीतसुद्धा नाही.

मी तिला म्हटलं, मूर्ख आहेस, सही करायचीस. मग घरी गेले तर मलाच पटेना. मग वाटलं, आईला एक फोन करून विचारलं असतं तर? सहा मिनिटं होती की हातात. पण विचारलं असतं आणि आई ‘कर सही’ म्हणाली असती, तर ते मनापासून म्हणाली असती, की पोरीसाठी? फोनवर कसं कळणार? कालपासून माझ्या डोक्यात हेच चाललंय, एकावर बाबा, एकावर हे, आणि मी पेन धरून बसलेय.

म्हणून तुला विचारतेय. तो ठिपका पडलाय, चारला सहा मिनिटं आहेत, खोडरबर हात पुढं करून बसलाय. मुंगीच्या जागी तू काय केलं असतंस?